विमान आपले, तास स्कूलचे : सेस्ना १७२ एस आणि लीजबॅक कराराचे परीक्षण

लहान विमान विकत घेऊन ते फ्लाइट स्कूलला भाडेतत्त्वावर वापरायला देण्याच्या व्यवहाराला अमेरिकेत लीजबॅक म्हणतात. विमान मालकाच्याच नावावर राहते. स्कूल ते विद्यार्थ्यांना आणि परवानाधारक वैमानिकांना तासाच्या दराने देते, मिळालेल्या भाड्यातून आपला वाटा आणि झालेला खर्च कापून घेते आणि उरलेली रक्कम महिन्याच्या शेवटी हिशेबासह मालकाकडे पाठवते. कॅलिफोर्नियातील बे एरियात राहून मी २००१ सालचे एक सेस्ना १७२ एस गेली काही वर्षे अशा करारावर ठेवले आहे, आणि या भागातील अनेक मराठी मित्र हाच विचार करत असल्यामुळे विमानाचे आणि व्यवस्थेचे असे दुहेरी परीक्षण लिहीत आहे. स्कूलचे नाव देत नाही, कारण पुढचे काही शेरे कडक आहेत आणि ते एका स्कूलपेक्षा या व्यवस्थेच्या घडणीला अधिक लागू पडतात. माझे मत थोडक्यात असे: विमान उत्तम आहे, व्यवस्था मात्र करार जितका चांगला तितकीच चांगली. विमान किती तास उडाले यावर स्कूलचे उत्पन्न ठरते. ते किती दिवस जमिनीवर उभे राहिले याची किंमत मात्र एकटा मालक भरतो.

आधी विमानाबद्दल. सेस्ना १७२ बाजारात आले १९५६ साली. तेव्हापासून या मॉडेलची ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली असून जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. १९८६ मध्ये, उत्पादकांवरील नुकसानभरपाईच्या दाव्यांचा बोजा असह्य झाल्यावर, सेस्नाने आपली एक-इंजिनी पिस्टन विमाने बनवणे थांबवले. १९९४ च्या कायद्याने अठरा वर्षांहून जुन्या लहान विमानांबाबतची उत्पादकाची जबाबदारी मर्यादित केली आणि १९९६ पासून १७२ पुन्हा तयार होऊ लागले. खरेदीदाराच्या दृष्टीने हा खंड महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे बाजारात दोन स्पष्ट पिढ्या दिसतात. पहिली पिढी स्वस्त, कार्बुरेटरची आणि साधी आहे. तिच्यातही १९७७ ते १९८० या काळातील १७२ एन घेताना सावध असावे, कारण त्यातील ओ-३२०-एच२एडी हे इंजिन कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या, झिजेसाठी कुप्रसिद्ध आहे. दुसऱ्या पिढीत इंधन इंजेक्शनने जाते, पत्र्याला आतून गंजरोधक लेप असतो आणि आसने अधिक मजबूत असतात. १९९८ पासूनच्या एस मॉडेलमध्ये १८० अश्वशक्तीचे लायकॉमिंग आयओ-३६०-एल२ए इंजिन, २,५५० पौंडांचे कमाल वजन आणि वापरता येण्याजोगे ५३ गॅलन इंधन मिळते. विद्यार्थी, प्रशिक्षक आणि भरलेल्या टाक्या एवढे सगळे घेऊन उन्हाळ्याच्या दुपारीही हे विमान निर्धास्तपणे वर चढते.

लीजबॅकसाठी १७२ च का, याचे उत्तर विमानाच्या वेगात किंवा देखणेपणात शोधू नये. प्रत्येक प्रशिक्षक ते चालवतो, प्रत्येक मेकॅनिकला त्याचे दुखणे-खुपणे ठाऊक असते, सुटे भाग मिळतात आणि विमा कंपन्यांना त्याचा इतिहास पाठ असतो. एखादे वेगवान किंवा आगळे विमान मालकाला कितीही आवडले, तरी ते शिकवणारे प्रशिक्षक दोनच असतील तर ते महिन्यातून मोजके तास उडेल. माझ्या विमानात जुनी गोल घड्याळे, म्हणजे काट्यांची उपकरणे, आहेत, काचेचे पडदे नाहीत. भाड्याचा दर त्यामुळे थोडा कमी ठेवावा लागतो, परंतु उपकरणांची दुरुस्ती स्वस्त पडते आणि शिकाऊ वैमानिकाला वाऱ्याचा वेध घ्यायला घड्याळे अपुरी पडत नाहीत. एक तक्रार मात्र आहे. या पिढीच्या १७२ मध्ये इंधनातील पाणी तपासण्यासाठी तब्बल तेरा ठिकाणी नमुना घ्यावा लागतो, आणि घाईतला विद्यार्थी त्यांपैकी किती ठिकाणी खरोखर वाकतो याची काळजी मालकाच्या मनात कायम राहते.

विद्यार्थ्यांच्या हाती विमानाचे काय होते, हे सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण विक्रेते याबाबत फारसे बोलत नाहीत. पहिला मार सुरू करण्याच्या यंत्रणेला बसतो. इंजेक्शनचे इंजिन थंड असताना सहज सुरू होते. पण एक धडा संपवून दुपारच्या उन्हात वीस मिनिटे उभे राहिलेले गरम इंजिन सुरू करायला विशिष्ट पद्धत लागते, आणि ती हातात बसेपर्यंत विद्यार्थी स्टार्टर फिरवत राहतात. स्टार्टर आणि बॅटरी या दोन्ही वस्तू माझ्याकडे अपेक्षेपेक्षा लवकर बदलाव्या लागल्या. दुसरा मार ब्रेकना: टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, पाय ब्रेकवरच ठेवण्याची सवय आणि उतरल्यावर चाके घट्ट धरून टायरला एका जागी सपाट करण्याची सवय, या दोन्हींचा खर्च महिन्याच्या हिशेबात दिसतो. तिसरा आणि खरा काळजीचा मार पुढच्या चाकाचा. मुख्य चाकांआधी नाकावर उतरलेले विमान उसळते, आणि असे वारंवार झाले तर पुढच्या चाकाचा दांडा जिथे जोडलेला असतो त्या फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या भिंतीच्या, पत्र्याला सुरकुत्या पडतात. ही दुरुस्ती काही शेकड्यांत भागत नाही. म्हणून प्रत्येक शंभर तासांच्या तपासणीत तो भाग आरशाने आणि टॉर्चने पाहून त्याचे छायाचित्र मालकाला पाठवावे, असा माझा आग्रह असतो. सुदैवाने स्कूलच्या मेकॅनिकने तो आनंदाने मान्य केला.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी. खासगी मालकाचे विमान बहुधा झिजून मरत नाही, उभे राहून मरते. लायकॉमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्महिने उडाले नाही की त्यावरचे तेल ओघळून जाते, दमट हवेने गंज धरतो आणि पुढच्या उड्डाणात तोच गंज धातू खरवडतो. स्कूलमध्ये आठवड्यातून अनेकदा उडणाऱ्या इंजिनाला हा रोग सहसा होत नाही. दर ५० तासांनी तेल आणि फिल्टर बदलले जाते, फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहिले जाते, आणि असे इंजिन निर्मात्याने सुचवलेल्या २,००० तासांच्या ओव्हरहॉलपर्यंत (इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) आणि पुष्कळदा त्यापुढेही नीट चालते. माझ्या इंजिनाचे सिलिंडर आजही निरोगी आहेत, आणि याचे श्रेय मी विद्यार्थ्यांच्या सततच्या वापराला देतो.

सांगाड्याबाबत मात्र वापराचा हिशेब उलटा आहे. प्रशिक्षणाचा एक तास आणि खासगी प्रवासाचा एक तास लॉगबुकात सारखेच दिसतात. धातूवर पडणारा ताण सारखा नसतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण सेस्नाचे नव्हे, पायपरचे आहे. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीचजवळ एका पायपर पीए-२८आर प्रशिक्षण विमानाचा पंख उड्डाणात निखळला आणि आतील दोघेही मृत्युमुखी पडले. पंखाच्या मुख्य तुळईत थकव्याची भेग आढळली. त्यानंतर एफएए या अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने २०२०-२६-१६ क्रमांकाचा आदेश काढला. त्यात तपासणी केव्हा करायची हे ठरवण्यासाठी एक सूत्र दिले आहे (शंभर तासांची तपासणी प्रशिक्षणाच्या विमानांना सक्तीची असल्याने तिच्यावरून प्रशिक्षणातला वापर कळतो): विमानाच्या जितक्या शंभर तासांच्या तपासण्या झाल्या तितके शेकडे पूर्ण मोजायचे आणि उरलेल्या तासांना सतराने भागायचे. म्हणजे ६,००० तास उडालेल्या, पण त्यांतले ५,००० तास प्रशिक्षणात गेलेल्या विमानाचे मोजमापाचे तास ५,०५९ भरतात आणि ते ५,००० च्या मर्यादेपलीकडे जाते. तेवढेच तास केवळ खासगी प्रवासात उडालेले विमान ३५३ वरच राहते. हा आदेश १७२ ला लागू नाही. तरीही विमान लीजबॅकवर देण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे सूत्र समजून घ्यावे, कारण शंभर तासांच्या तपासणीची प्रत्येक नोंद विमानाच्या आयुष्यभर त्याच्या कागदपत्रांत राहते आणि विक्रीच्या दिवशी खरेदीदार ती वाचतो. १७२ ला स्वतःचे आदेश आहेतच. आसनांच्या रुळांची झीज तपासण्याचा आदेश त्यांतला सर्वांना परिचित. झिजलेल्या रुळावरून उड्डाणाच्या क्षणी आसन मागे सरकले तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

शंभर तासांची तपासणी हा लीजबॅकच्या अर्थकारणाचा ठोका आहे. खासगी मालकाला वर्षातून एक वार्षिक तपासणी पुरते. पैसे घेऊन विमानासह शिकवणी दिली की त्याशिवाय दर शंभर तासांनी तपासणी सक्तीची होते. वार्षिक तपासणी त्यांपैकी एकीची जागा घेऊ शकते. वर्षाला ५०० तास उडणारे विमान म्हणजे वर्षातून पाच वेळा मेकॅनिककडे जाणार, आणि दर वेळी आदल्या शंभर तासांत विद्यार्थ्यांनी जे न सांगता सोडले ते तिथे उघडकीला येणार. तासांच्या मोजणीत मालकाच्या बाजूने एक बारीकसा लाभ असतो. भाडे आकारले जाते हॉब्ज मीटरवर, जो इंजिन चालू असेपर्यंत घड्याळाप्रमाणे पुढे जातो. देखभालीचे तास मोजले जातात टॅकोमीटरवर, जो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो आणि फेऱ्या कमी असल्या की सावकाश पुढे जातो. प्रशिक्षणात टॅक्सी, प्रतीक्षा आणि कमी शक्तीवरचे उतरणे भरपूर असल्याने भाड्याचे तास देखभालीच्या तासांपेक्षा लक्षणीय जास्त भरतात. करारात भाडे टॅकोमीटरवर ठरले असेल तर हा लाभ मालकाच्या हातून जातो, म्हणून ते वाक्य शोधून वाचावे.

आता पैशांचे. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक विमानतळावर ते बदलतील, पण त्यांचे परस्परांशी असलेले नाते फारसे बदलत नाही. समजा, इंधनासह भाडे तासाला १९० डॉलर आहे. स्कूलचा २० टक्के वाटा ३८ डॉलर, इंधन ६०, पुढच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला ठेवायचे २०, आणि शंभर तासांच्या तपासण्या, तेल, टायर व अनपेक्षित दुरुस्त्या मिळून ३५ डॉलर धरले, तर तासामागे १५३ डॉलर जातात आणि ३७ उरतात. आता विमान उडो वा न उडो, लागणारा खर्च पाहू: प्रशिक्षण व भाड्यासाठीचा विमा ९,०००, विमान उभे करण्याची जागा २,४००, काउंटीचा मालमत्ता कर १,६५०, वार्षिक तपासणी, ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या उपकरणाची) चाचणी आणि नकाशांची वर्गणी मिळून ३,०००, एकूण १६,०५० डॉलर. वर्षाला ५०० तास उडाले तर १८,५०० डॉलर हाती येतात आणि २,४५० उरतात. ३५० तासच उडाले तर ३,१०० डॉलर पदरचे घालावे लागतात. तोल साधतो तो सुमारे ४३५ तासांवर. यात कर्जाचा रुपयाही धरलेला नाही. १ लाख २० हजार डॉलरांचे कर्ज आठ टक्क्यांनी काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ९,६०० डॉलरांच्या आसपास जाते आणि ५०० तासांचे भरघोस वर्षसुद्धा आतबट्ट्याचे ठरते. नवे १७२ एस चार लाख डॉलरांहून महाग आहे. ते कर्जाने घेऊन भाड्यातून हप्ते फिटतील, असे कुणी सांगितले तर त्याच्याकडून वरच्या क्रमाने लेखी हिशेब मागावा.

तास भरतात की नाही, हे मुख्यतः स्कूलवर अवलंबून असते, आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते. स्कूलला विमान विकत घ्यावे लागत नाही, त्यावर व्याज भरावे लागत नाही, आणि एकाच प्रकारची चार विमाने चार मालकांकडून मिळाली तर विद्यार्थ्याला कधीच नाही म्हणावे लागत नाही. पाचवे विमान घेण्याने स्कूलचे काही बिघडत नाही. आधीच्या चार मालकांचे तास मात्र वाटले जातात. म्हणून करार करण्यापूर्वी ताफ्यात आज किती १७२ आहेत, गेल्या वर्षात प्रत्येकाचे किती तास झाले आणि नवे विमान घेण्याआधी आहे त्या मालकांना विचारले जाते का, हे तीन प्रश्न मी कुणालाही विचारायला सांगेन. मागणीबाबत बे एरियात सहसा काळजी नसते. हौशी शिकणारे आहेत, विमान कंपन्यांकडे जाऊ पाहणारे आहेत, आणि डीजीसीएच्या (भारताच्या विमान-नियामक संस्थेच्या) व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास अमेरिकेत पूर्ण करायला आलेले भारतीय विद्यार्थीही दिसतात. त्यांत महाराष्ट्रातली मुले-मुलीही भेटतात, आणि त्यांपैकी कुणी आपल्या विमानात पहिले एकट्याने केलेले उड्डाण पूर्ण केले की या सगळ्या व्यवहाराचे मोल माझ्या लेखी भाड्याच्या पलीकडे जाते. हवामान मात्र कुणाचे ऐकत नाही: उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा ढगांचा थर सकाळचे धडे खातो आणि हिवाळ्यातील पाऊस आठवडेच्या आठवडे रिकामे ठेवतो.

माझ्या स्कूलच्या सेवेत दोन गोष्टी उत्कृष्ट आहेत. आरक्षणाची व्यवस्था चोख आहे आणि विमान स्वच्छ असते. प्रशिक्षक विद्यार्थ्यांना इंधनाचे मिश्रण टॅक्सीत पातळ ठेवायला काटेकोरपणे शिकवतात, त्यामुळे स्पार्क प्लगवर शिशाचा थर साचून होणारा त्रास इतर मालकांच्या तुलनेत मला कमी झाला. देखभालीबाबत मात्र मी समाधानी नव्हतो. स्कूलची स्वतःची कार्यशाळा आहे आणि करारानुसार सर्व कामे तिथेच करावी लागत. म्हणजे काय बिघडले हे सांगणारा, ते दुरुस्त करणारा आणि त्याचे पैसे भाड्यातून परस्पर कापून घेणारा, हे तिघेही एकच. एकदा एक सुटा भाग मागवायला उशीर झाल्यामुळे विमान ऐन हंगामात कित्येक आठवडे उभे राहिले, आणि त्या काळात विद्यार्थी ताफ्यातील दुसऱ्या विमानांवर गेले. स्कूलचे उत्पन्न थांबले नाही. माझा विमा आणि जागाभाडे चालूच राहिले. मेकॅनिकच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. प्रश्न कौशल्याचा नाही, घाई कुणाला आहे याचा आहे.

स्वतःचे विमान स्वतःला मिळणे, हाही सेवेचाच भाग. शनिवार-रविवारच्या वेळा विद्यार्थी आठवडे आधी घेऊन ठेवतात आणि आधी नोंद करणाऱ्याला विमान मिळते. मालकाला सवलतीचा दर मिळतो, अग्रक्रम मिळत नाही. मुक्कामी प्रवासासाठी विमान नेले तर त्या दिवसांचे भाडे बुडते, आणि ते माझेच उत्पन्न असल्यामुळे मलाच विचार करावा लागतो. वर्षातून काही ठरावीक दिवस मालकासाठी राखून ठेवण्याचे कलम असल्याशिवाय, ज्यांना कुटुंबासह फिरायचे आहे अशांनी लीजबॅक करू नये.

विम्याबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. प्रशिक्षण आणि भाड्यासाठीचा विमा खासगी वापराच्या विम्यापेक्षा कित्येक पट महाग असतो, आणि खासगी विम्यावर विमान भाड्याने देणे म्हणजे दाव्याच्या दिवशी विमाच नसणे. स्कूलच्या सामूहिक विम्यात आपले विमान घातले जात असेल तर मालकाचे नाव त्यात विमाधारक म्हणून आहे का, अपघातानंतर सुरुवातीची ठरावीक रक्कम कोण भरणार आणि विमान दुरुस्तीत असताना बुडालेल्या भाड्याचे काय, हे लेखी हवे. भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक वैमानिकाने स्वतःचा भाडेकरू-विमा काढावा, अशी अट स्कूलने घातलेली चांगली. संघराज्याच्या कायद्यानुसार ३० दिवस किंवा अधिक मुदतीने विमान भाड्याने देणाऱ्या आणि ते प्रत्यक्ष स्वतःच्या ताब्यात नसलेल्या मालकाला काही संरक्षण मिळते. त्याचा पूर्ण आधार घेण्यापूर्वी विमानविषयक वकिलाचा सल्ला घ्यावा.

आपल्या लोकांसाठी नोंदणीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेत विमानाची नोंदणी व्यक्तिगत नावावर करायची तर ती व्यक्ती नागरिक किंवा कायम रहिवासी असावी लागते. एच-१बी व्हिसावरील अभियंता विमान शिकू शकतो, परवाना मिळवू शकतो, पण स्वतःच्या नावावर विमान नोंदवू शकत नाही. ग्रीनकार्डधारकाला व्यक्तिगत नोंदणीत अडचण नाही; मात्र दायित्वापासून संरक्षण म्हणून त्याने एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, काढून तिच्या नावे नोंदणी करायची ठरवली, तर कंपनीतील मतदानाचे किमान तीन-चतुर्थांश हक्क अमेरिकन नागरिकांच्या हाती आहेत का, हे पाहिले जाते. नसतील तर वेगळी, अधिक कागदपत्रांची वाट धरावी लागते. घर घेताना किंवा दुकान काढताना जो कायदा आपल्या परिचयाचा होतो, तो इथे चालत नाही. बयाणा देण्याआधी हे तपासावे.

करबचत हे लीजबॅक विकणाऱ्यांचे सर्वांत आवडते बोलणे. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या पात्र मालमत्तेवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा घेण्याची सवलत परत आणली, आणि तेव्हापासून हे बोलणे पुन्हा जोरात सुरू झाले आहे. सवलत खरी आहे. पण भाड्याने दिलेल्या मालमत्तेचा तोटा सामान्यतः निष्क्रिय व्यवसायाचा तोटा मानला जातो आणि तो पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. ग्राहकाचा सरासरी वापर सात दिवस किंवा त्याहून कमी असेल आणि मालक त्या व्यवसायात खऱ्या अर्थाने राबत असेल तर वाट मोकळी होते. परंतु करारानुसार मालकाचा ग्राहक म्हणजे तासाभरासाठी विमान घेणारा विद्यार्थी, की वर्षभरासाठी ते घेणारे स्कूल, यावर सगळे अवलंबून राहते. शिवाय विमान विकताना घेतलेला घसारा विक्रीच्या नफ्यापुरता सामान्य उत्पन्न म्हणून परत करात येतो. पगारदार अभियंत्याने केवळ करासाठी विमान घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंधनाचा प्रश्न या भागात जिव्हाळ्याचा आहे. सांता क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून रीड-हिलव्ह्यू आणि सॅन मार्टिन या आपल्या विमानतळांवर शिसेयुक्त १००एलएल इंधनाची विक्री बंद केली, आणि राज्याच्या कायद्याने २०३१ पासून ती सर्वत्र बंद होणार आहे. शेजारच्या वस्तीतील मुलांच्या रक्तात शिसे जाऊ नये, हा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. मालकाने लक्षात ठेवायचे ते इतकेच की नव्या इंधनांचा इंजिनावरील परिणाम अजून अभ्यासला जात आहे. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या मोठ्या प्रशिक्षण ताफ्यात शिसेविरहित यूएल९४ वापरून पाहिले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकांची झीज दिसल्यावर ते त्याच वर्षी १००एलएल कडे परतले. स्कूल कोणते इंधन भरते हे मालकाला माहीत असावे, ते बदलण्यापूर्वी कळवले जावे, आणि व्हॉल्व्हची मापे दर तपासणीत नोंदवली जावीत.

ज्याच्याकडे परवाना आहे, जो स्वतः वर्षभर उडतो, ज्याने दुसऱ्या पिढीचे जुने १७२ रोख पैशांनी घेतले आहे आणि ज्याला दर आठवड्याला मेकॅनिकशी बोलायला वेळ व आवड आहे, त्याला ही व्यवस्था मी मनापासून सुचवेन. स्वतःच्या विमानाचा न परवडणारा खर्च ती परवडण्याजोगा करते. गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याला आणि कर्ज काढणाऱ्याला मी ती सुचवणार नाही.

करार नूतनीकरणाला आला तेव्हा मी चार कलमे घालून घेतली. पाचशे डॉलरांपेक्षा जास्त खर्चाचे कोणतेही काम मालकाच्या लेखी संमतीशिवाय करायचे नाही. स्कूलच्या कार्यशाळेत आठवड्याभरात काम सुरू झाले नाही तर मालकाला विमान बाहेरच्या मेकॅनिककडे नेता येईल. स्कूलच्या दिरंगाईमुळे विमान उभे राहिले तर त्या दिवसांचे जागाभाडे स्कूल भरेल. आणि दोन्ही बाजूंना ३० दिवसांच्या सूचनेने करार संपवता येईल. मूळ लॉगबुके माझ्याकडे असतात आणि स्कूलकडे त्यांच्या प्रती. हरवलेल्या लॉगबुकामुळे विमानाची किंमत किती उतरते हे माहीत असलेला कोणताही मालक यात तडजोड करणार नाही. स्कूलच्या व्यवस्थापकांनी तिसऱ्या कलमावर बरीच चर्चा केली, पण शेवटी चारही मान्य केली, आणि विमान आजही त्यांच्याकडेच आहे.